आधी कोठाराची वही उघडा

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फाशांनी कथा खेळायच्या खेळात मी रचलेली पहिली कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट, तिसऱ्याच सेशनला मेली, आणि तिला मारलं मिठाने. मी भलंमोठं साम्राज्य रचलं होतं. अकराशे वर्षांची वंशावळ, सात राजघराणी, प्रत्येकाचं वेगळं निशाण, दोन महायुद्धं, एकूण चाळीस पानांची फाइल. प्लेअर्सना पाठवली होती, कुणी उघडली नव्हती, तेही ठीक. तिसऱ्या सेशनला पार्टी, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांची टोळी, समुद्रापासून तीन आठवड्यांच्या वाटेवर असलेल्या एका डोंगरी शहरात पोचली आणि चोराचं पात्र खेळणाऱ्याने सहज विचारलं, "इथे मीठ कुठून येतं? ज्या रस्त्याने येतं तो अडवला तर आपण गडगंज होऊ." माझ्याकडे सात निशाणं होती, मीठ नव्हतं. मी काहीतरी ठोकून दिलं. त्याने त्यावर पुढचा प्रश्न विचारला, मी आणखी काहीतरी ठोकलं. तासाभरात माझं साम्राज्य पुठ्ठ्याचं आहे हे सगळ्यांना कळून चुकलं.

लाज जास्त वाटली ती माझ्या पोटापाण्याच्या धंद्यामुळे. मी दिवसा ऑडिट करते. लोकांनी वहीत काय लिहिलंय त्यावरून काय लिहिलेलं नाही ते ओळखायचं, हे माझं काम. आणि घरी येऊन मी असं जग रचत होते ज्यात कुणीच काही मोजत नव्हतं.

त्यानंतरची बारा वर्षं मी डीएम, म्हणजे जग रचून खेळ चालवणारी, म्हणून एकाच पद्धतीने सेटिंग बनवते. इतिहासातला एक काळ उचलायचा आणि त्याची वही उघडायची. राजा कोण होता, लढाई कुठली झाली, ते नंतर. आधी बघायचं की त्या काळात कोण काय मोजत होतं, कशाची टंचाई होती, आणि ही वही एका रात्रीत जळाली तर सकाळी काय बंद पडेल. मला तरी एवढं पुरतं.

"मध्ययुग" हा काळ नव्हे

बहुतेक जण सुरुवात करताना म्हणतात, "मध्ययुगीन टाइप सेटिंग आहे." डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आलं तेव्हापासून हे "टाइप" आपल्या डोक्यात बसलंय, आणि त्यात काय काय कोंबलंय ते एकदा बघा. अंगभर पोलादी चिलखत पंधराव्या शतकातलं. रेपिअर, ती लांब बारीक तलवार, सोळाव्यातली. देव अनेक, म्हणजे ख्रिस्तपूर्व भूमध्य समुद्राकडचे. आणि कुणाचीही परवानगी न घेता हत्यारं घेऊन गावोगाव फिरणारी माणसं, जी खऱ्या मध्ययुगात पहिल्याच वेशीवर अडवली गेली असती. वर पुन्हा बंदूक नको, कारण "मध्ययुगात बंदुका नव्हत्या". खरं तर १३२६ च्या एका इंग्लिश हस्तलिखितात तोफेचं चित्र आहे. ते पूर्ण चिलखत घडलं तेव्हा तोफा शंभरेक वर्षं जुन्या झाल्या होत्या. बंदूक नको असेल तर खुशाल काढा, मीही काढते, पण इतिहासाच्या नावावर खपवू नका.

भेसळीला माझा विरोध नाही. पण भेसळ करणाऱ्याला आधी शुद्ध माल ओळखता यायला हवा. म्हणून माझा पहिला नियम असा की एक ठिकाण घ्यायचं आणि तीस वर्षं घ्यायची, त्याहून जास्त नाही. तीसच का, तर तेवढ्या काळात एखादी म्हातारी एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) "आधी असं नव्हतं" म्हणू शकते आणि तिचं ऐकणारी नात "मला तर असंच आठवतंय" म्हणू शकते. इतिहास टेबलावर येतो तो या दोघींच्या भांडणातून. अकराशे वर्षांची वंशावळ कुणालाच आठवत नाही, पात्रांनाही नाही आणि प्लेअर्सना तर नाहीच.

तांबं दहा, कथील एक

नव्या डीएमने कुठला काळ घ्यावा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: कांस्ययुगाचा शेवट, पूर्व भूमध्य समुद्र, साधारण इ.स.पू. १२१० ते ११८०. फँटसीत जे जे लागतं ते सगळं इथे आहे. मोठमोठी राज्यं, एकमेकांना "भाऊ" म्हणून पत्रं लिहिणारे राजे, समुद्रावरून येणारे अनोळखी हल्लेखोर, आणि एका पिढीत कोसळणारी सगळी रचना. आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा ओस पडली, सिरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित शहर जळालं ते पुन्हा उभंच राहिलं नाही. ग्रीसमध्ये तर लिहिण्याची कलाच सुमारे चारशे वर्षं हरवली. तुमच्या जगातल्या "प्राचीन लोकांची विसरलेली लिपी" याहून चांगली कशी असणार?

पण वहीकडे या. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, उलुबुरुन इथे, स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी एक जहाज सापडलं. ते माझ्या तीस वर्षांहून शंभरेक वर्षं आधीचं, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं, पण व्यापार तोच. त्यावर सुमारे दहा टन तांबं होतं आणि सुमारे एक टन कथील. हे प्रमाण वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. ब्राँझ ओतायला साधारण नऊ-दहा भाग तांबं आणि एक भाग कथील लागतं. म्हणजे हा माल कुणीतरी मोजून मागवला होता. ती ऑर्डर होती! शिवाय निळ्या काचेचे गोळे, आबनूस, पाणघोड्याचे दात, घडेच्या घडे राळ, आणि इजिप्तची राणी नेफरटिटी हिचं नाव कोरलेला सोन्याचा एक इवलासा भुंगा. त्याच मालात लाकडाच्या दोन बिजागरीच्या फळ्या निघाल्या, आतून खोलगट. त्यात मेण भरून त्यावर लिहायचं, काम झालं की पुसायचं. मेण गेलं, त्याबरोबर लिहिलेलंही गेलं.

आता हे खेळात कसं आणायचं ते सांगते. तांबं आणि कथील सहसा एका ठिकाणी सापडत नाही. तांबं सायप्रसला भरपूर. कथील मोजक्याच ठिकाणी, आणि बहुतेक लांबून येणारं. म्हणजे एका राजाच्या भाल्याचं टोक दोन-तीन परक्या राजांच्या मर्जीवर. कथिलाचा रस्ता तुटला की सैन्य तुटलं. तुमच्या जगात कथिलाऐवजी काहीही ठेवा. मी एकदा "चांदणखडी" नावाचा दगड ठेवला होता. दहा भाग लोखंडात एक भाग खडी, तरच भुतांना लागणारं पातं तयार होतं. खडी एकाच वाळवंटात मिळत होती. बाकी मला काही लिहावं लागलं नाही. कोण कुणाशी लग्न लावून देईल, कोण कुणाच्या बंदरावर डोळा ठेवून असेल, चाचे कुठे दबा धरतील, हे सगळं त्या एका प्रमाणातून प्लेअर्सनी स्वतःच काढलं. चोर खेळणाऱ्याने पहिल्याच सेशनला विचारलं, "खडी कुठून येते?" मी नकाशावर बोट ठेवलं. तो क्षण माझ्यासाठी कुठल्याही ड्रॅगनपेक्षा मोठा होता.

दुसरी वही पायलोसची. ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या या राजवाड्यात कारकून ओल्या मातीच्या पाट्यांवर नोंदी करायचे. पाट्या भाजत नसत. वर्षभर वापरायच्या, मग माती पुन्हा मळायची. इ.स.पू. १२०० नंतर थोड्याच काळात राजवाडा पेटला आणि त्या आगीत पाट्या भाजून निघाल्या. १९३९ मध्ये उत्खननात त्या हाती आल्या, आणि १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने ती लिपी, लिनिअर बी, उलगडली. म्हणजे आपल्याकडे फक्त शेवटच्या वर्षाचे हिशेब आहेत, आणि ते आहेत कारण सगळं जळालं. असा ऑडिट ट्रेल मला आयुष्यात मिळायचा नाही.

त्यात आहे काय? किनाऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या तुकड्यांच्या याद्या: कुठल्या टप्प्यावर कुणाच्या हाताखाली किती माणसं. वल्हेकऱ्यांची एक यादी: प्लेउरोनला जाणारे, एका गावचे ८, दुसऱ्याचे ५, मग ४, ६, ७. बेरीज ३०. एक पाटी अशी की भाल्यांची टोकं करायला ब्राँझ गोळा करायचंय आणि ते बहुधा देवळांतलं आहे. आणि राबणाऱ्या बायकांच्या याद्या, त्यांच्या मुलांसकट, धान्य आणि अंजिरांच्या वाट्यासकट. कुणी मिलेटसच्या, कुणी निडोसच्या, कुणी लेम्नोसच्या. समुद्रापलीकडून त्या इथे कशा आल्या ते पाटीवर लिहिलेलं नाही.

"संकट येत आहे" असं एकाही पाटीवर लिहिलेलं नाही. फक्त आकडे. भविष्यवाणी सांगणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्याऐवजी हे वापरून बघा. पार्टीला कोठारात पाठवा आणि हातात यादी द्या. देवळातलं ब्राँझ वितळवायला घेतलंय हे कळलं की टेबलावर शांतता पसरते, कारण देवाची भांडी माणूस कधी वितळवतो हे सगळ्यांना कळतं.

कर्ज हा सगळ्यात चांगला खलनायक

खलनायक माझ्याकडून नीट होत नाहीत. कितीही दुष्ट केला तरी तो दोन सेशन्सनंतर विनोदी वाटायला लागतो. म्हणून मी त्याच्या जागी कर्ज ठेवते. हे मी शिकले चौथ्या क्रुसेडवरून, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती सरदारांच्या चौथ्या धर्मयुद्धावरून.

१२०१ मध्ये फ्रान्सकडच्या सरदारांचे दूत व्हेनिसला गेले आणि करार केला. आम्हाला समुद्रापार न्या: ४,५०० सरदार, त्यांचे ४,५०० घोडे, ९,००० स्क्वायर (सरदारांचे हाताखालचे), २०,००० पायदळ. दर ठरला घोड्याला ४ मार्क आणि माणसाला २ मार्क चांदी. करा बेरीज. घोड्यांचे १८,०००, माणसं ३३,५०० म्हणजे ६७,०००, एकूण ८५,०००. करारातला आकडा हाच आहे, ताळा बरोबर जुळतो. (हे मी पहिल्यांदा कागदावर करून बघितलं तेव्हा मला झालेला आनंद माझ्या टेबलावरच्या कुणालाही समजला नाही.) व्हेनिसने एवढी जहाजं बांधायला शहराचा सगळा व्यापार अडवून ठेवला. आणि १२०२ च्या उन्हाळ्यात माणसं आली ती ठरल्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

कुणी फसवलं नव्हतं. दूतांनी आशेवर आकडा फुगवला होता आणि बरेच जण दुसऱ्या बंदरांतून परस्पर निघून गेले होते, एवढंच. पण कर्ज तर सगळ्या टोळीच्या नावावर. सुमारे ३४,००० मार्क कमी पडले. व्हेनिसचा डोज, म्हणजे राज्यप्रमुख, एन्रिको दांदोलो, म्हातारा आणि दृष्टी गेलेला, म्हणाला, ठीक आहे, वसुली पुढे ढकलतो, फक्त वाटेत झारा नावाचं शहर आहे ते आम्हाला जिंकून द्या. झारा ख्रिस्ती शहर, पोपने मनाई केलेली. घेतलंच. मग कॉन्स्टँटिनोपलचा एक परागंदा राजपुत्र आला आणि म्हणाला, मला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो. त्याला गादीवर बसवलं, त्याच्याकडे तेवढे पैसे निघाले नाहीत, आणि एप्रिल १२०४ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या सैन्याने ख्रिस्ती जगातलं सगळ्यात श्रीमंत शहर लुटलं.

प्रत्येक पायरी त्या-त्या वेळी समजण्यासारखी वाटते, आणि शेवट भयंकर. कॅम्पेनचा आराखडा म्हणून हे सोनं आहे. पार्टीला पहिल्या सेशनला एक करार करू द्या, ज्यात आकडा त्यांनी स्वतः सांगितलेला असेल. तो फुगवायची त्यांना खुमखुमी येईल, येऊ द्या. मग निम्मे सोबती येऊ नयेत. पुढचं सावकार बघून घेईल. सावकार दुष्ट नको, सभ्य आणि वक्तशीर हवा. आमच्याकडे ही कॅम्पेन दीड वर्ष चालली. शेवटी पार्टीने जे शहर लुटलं ते त्यांनी दुसऱ्या सेशनला वाचवलेलं शहर होतं. त्या रात्री आमची क्लेरिक (देवाच्या नावाने मंत्र म्हणणारं पात्र) खेळणारी फासे न आवरताच उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "आपण नक्की कुठे चुकलो ते मला सापडत नाहीये." मी तिला मूळ कराराचा फोटो पाठवला, त्यांच्याच अक्षरातला आकडा दिसत असलेला.

ओस गावं कुठून येतात

फँटसीच्या नकाशावर पडक्या गावांचा सुकाळ असतो. का पडकी, हे कुणी सांगत नाही. "ऑर्क्सनी (फँटसीतल्या राक्षसी टोळ्यांनी) जाळलं." बरं, मग शेतं का पडीक?

१३४७ मध्ये प्लेग सिसिलीत मेसिनाला उतरला आणि तीन-चार वर्षांत युरोपची बरीच लोकसंख्या गेली. पण मला त्यातल्या मरणापेक्षा नंतरची वही जास्त कामाची वाटते. माणसं कमी, शेतं तेवढीच, म्हणजे मजुरीचा भाव चढला. इंग्लंडमध्ये मालक हादरले. १३४९ ला फर्मान आणि १३५१ ला कायदा: मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच घ्यायची. जास्त मागणारा गुन्हेगार, काम नाकारणाराही गुन्हेगार. आता तुमची पार्टी बघा. हत्यारबंद, बिनजमिनीची, कामाच्या शोधात गावोगाव फिरणारी आणि प्रत्येक कामाचा भाव वाढवून मागणारी. अशा राज्यात पहिल्याच सरायीत मोबदल्याची घासाघीस केली की दारात शिपाई. मी हे केलंय. पाताळातून राक्षस मारून आलेल्या चौघांना गावच्या खोड्यात पाय अडकवून बसावं लागलं, कारण त्यांनी जुन्या दराच्या दुप्पट मागितले होते. गावकरी चोरून त्यांना पाणी आणून देत होते आणि हळूच विचारत होते, "दुप्पट खरंच मिळतात का हो?" तिथून पुढे बंडाची कॅम्पेन आपोआप झाली. खऱ्या इंग्लंडमध्ये ती १३८१ मध्ये झाली.

आणि ओस गाव हवंच असेल तर यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी घ्या. ते प्लेगने नाही गेलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस उरलेली घरं उठवली, कारण मालकाला शेतीपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. चर्च तेवढं उभं राहिलं. मेंढ्यांनी गाव खाल्लं हे ऑर्क्सपेक्षा भीतिदायक आहे की नाही? तरी अंगावर काटाच हवा असेल तर तोही तिथेच आहे. त्या गावात अकराव्या ते चौदाव्या शतकांतल्या निदान दहा माणसांची १३७ हाडं सापडली, सुऱ्यांच्या खुणा असलेली, मोडलेली, काही भाजलेली. त्यावरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसाने माणूस खाल्ला असाही एक तर्क आहे, पण अभ्यासकांना जास्त पटलेलं स्पष्टीकरण हे की मेलेले उठून चालू नयेत म्हणून गावकऱ्यांनी प्रेतांची ही गत केली असावी. तुमच्या जगात मेलेले खरोखर उठत असतील तर हे काम गावात कोण करतं, त्याला काय मिळतं, आणि त्याच्या घरी सोयरीक कोण करतं, एवढंच ठरवा.

शहर एका पानात

शहरांवर मी वेळ घालवत नाही, कारण मला एक सापडलंय जे पुन्हा पुन्हा वापरता येतं. चीनमधलं, तांग राजवटीतलं चांगआन, ७५५ मध्ये सेनापती आन लुशानचं बंड होईपर्यंतची तीस वर्षं. शहर चौकटीच्या कागदासारखं आखलेलं, शंभराहून जास्त वॉर्ड, प्रत्येक वॉर्डाला स्वतःची भिंत आणि दरवाजे. पूर्वेला एक बाजार, पश्चिमेला एक, आणि पश्चिमेच्या बाजारात दूरदेशीचे व्यापारी. बाजार उघडायचा दुपारी, नगाऱ्याच्या ३०० ठोक्यांनी. संध्याकाळी नगारे वाजले की वॉर्डांचे दरवाजे बंद, आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यावर दिसलात तर फटके. वॉर्डाच्या आत मात्र रात्रभर काहीही चालू.

याचं खेळातलं मोल लक्षात येतंय? नगारा वाजायला लागला की मी टेबलावर बोटांनी ठोके द्यायला लागते, सावकाश. पार्टी चुकीच्या वॉर्डात असेल तर रात्र तिथेच काढायची. कुणाच्या घरी, कुणाच्या शेजारी, ते मी फाशाने ठरवते. आमची निम्मी कट-कारस्थानं अशाच अडकलेल्या रात्रींत शिजली.

प्रवासासाठी मंगोलांची डाकव्यवस्था, याम. ठरावीक अंतरावर ठाणी, ताजे घोडे, आणि ते कुणाला मिळणार हे गळ्यातली पट्टी, पाइझा, ठरवणार. ही पट्टी लुटीत मिळाली तर पार्टी हजार सोन्याच्या नाण्यांपेक्षा जास्त खूश होते, आणि दुप्पट संकटात सापडते.

जादू वहीत कुठे लिहायची

इथे बहुतेकांची गाडी अडते. "क्लेरिक अन्न निर्माण करू शकतो, मग दुष्काळ कसा?" हिशेब करा, घाबरू नका. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत "क्रिएट फूड अँड वॉटर" हा तिसऱ्या पातळीचा मंत्र पंधरा माणसांना दिवसभर पुरतो. पाचव्या लेव्हलचा क्लेरिक तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो, म्हणजे तीस माणसं. व्हेनिसच्या करारातल्या ३३,५०० माणसांना जेवू घालायला असे १,११७ क्लेरिक लागतील, आणि त्यांनी दिवसभर तिसऱ्या पातळीचं दुसरं काही करायचं नाही. तेवढे क्लेरिक तुमच्या अख्ख्या खंडात आहेत का? नसतील तर दुष्काळ शाबूत आहे. असतील तर ज्या देवळाकडे ते आहेत तेच खरं राज्य, आणि राजा नावापुरता. दोन्ही उत्तरं मस्त आहेत, फक्त एक निवडा.

खरा धोका अन्नाच्या मंत्राचा नसून निरोपाच्या मंत्राचा आहे. उगारितचा राजा अम्मुरापी याने सायप्रसच्या राजाला लिहिलेलं पत्र आपल्याकडे आहे. आशय असा: बाबा, शत्रूची जहाजं आली, माझी गावं जाळली, माझं सैन्य हित्तींच्या मुलखात आहे, जहाजं लुक्का नावाच्या मुलखाकडे आहेत, सात जहाजांनी आमचं हे केलं, आणखी दिसली तर कळवा. ("बाबा" नात्याने नाही, मोठ्या राजाला मानाने.) "सेंडिंग" मंत्रात पंचवीस शब्द जातात आणि उत्तर लगेच येतं. मी बसवून बघितलं: "शत्रूची सात जहाजं आली. गावं जळली. सैन्य परमुलखात, जहाजं परसमुद्रात. आणखी दिसली तर लगेच कळव." पंधरा शब्द, दहा शिल्लक. म्हणजे तो मंत्र माझ्या जगात स्वस्त असता तर उगारितची शोकांतिका झालीच नसती. सैन्य वेळेत परत बोलावलं असतं. म्हणून मी सेंडिंगला चांदणखडी लावली. आता राजाला निवडावं लागतं, खडी पात्यांत घालायची की निरोपात.

माझा ठोकताळा असा: प्रत्येक मंत्र आणण्याआधी वहीतली एक ओळ शोधा जी त्याने खोडली जाते. "झोन ऑफ ट्रुथ" (ज्याच्या घेऱ्यात खोटं बोलता येत नाही) असलेल्या जगात माझ्यासारख्या ऑडिटरची नोकरी जाते. किंवा मग लोक खरं बोलूनच फसवायला शिकतात, जे मी रोज बघते.

माणसं उचलताना

एका गोष्टीत मी चुकले होते ते सांगते. कांस्ययुगाच्या त्या पहिल्या खेळात समुद्रावरून येणारे हल्लेखोर मी सरळ राक्षस केले होते. सोपं पडलं, पण टेबलावर अर्ध्या तासात कंटाळा आला. इजिप्तमध्ये तिसऱ्या रामसेसच्या देवळावर, मेदिनेत हाबूला, याच लोकांशी झालेल्या लढाया कोरल्या आहेत. त्या कोरीव कामात बैलगाड्या आहेत, आणि गाड्यांत बायका-मुलं. लुटायला निघालेला माणूस मुलांना गाडीत घालून निघत नाही. पुढच्या वेळी मी त्या गाड्या ठेवल्या आणि पार्टीत दोन तट पडले. ज्या समाजाला तुम्ही राक्षस करायला निघालात त्याचीही एक वही असते. ती शोधल्याशिवाय त्याला शिंगं लावू नका.

नावं मात्र बदला. खरी नावं ठेवली की टेबलावरचा एक जण मोबाइल काढून तुम्हाला दुरुस्त करायला लागतो. माझ्याकडे असा एक आहे. नावं बदलल्यापासून तो निमूट खेळतो.

पहिल्या सेशनला हातात काय द्यायचं

एक पान. चाळीस नाही. आणि त्या पानावर इतिहास लिहायचाच नाही, त्या जगातला एक हिशेबाचा कागद द्यायचा. संग्रहालयांच्या ऑनलाइन सूच्या चाळा. एकेका वस्तूचं माप, वजन, कशाची केली आहे, कुठे सापडली, एवढंच कोरडं लिहिलेलं असतं, आणि खेळाला तेवढंच लागतं. मी अमार्नाची पत्रंही, म्हणजे इजिप्तच्या दरबारात सापडलेला राजाराजांचा पत्रव्यवहार, बरीच वापरली आहेत. बॅबिलोनचा राजा इजिप्तच्या फॅरोकडे तक्रार करतो की तुम्ही पाठवलेलं २० मिना (वजनाचं माप) सोनं भट्टीत घातलं तर ५ मिनाही निघालं नाही. यावर तीन सेशन्सचं रहस्य उभं राहतं: सोनं वाटेत कुणी बदललं, की मुळातच तसं पाठवलं?

सध्या मी नवी कॅम्पेन सुरू केलीय, पायलोसवरूनच. प्लेअर्सना मी मातीच्या रंगाच्या पुठ्ठ्यावर वल्हेकऱ्यांची यादी दिली. पाच गावं, ८, ५, ४, ६, ७, खाली एकूण. एकूण मी मुद्दाम ३१ लिहिलं. दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग चोर खेळणाऱ्याने, त्याच मीठवाल्याने, पुठ्ठा जवळ ओढला, ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली आणि माझ्याकडे बघितलं.

"एकतिसावा कोण?"

मी फासे त्याच्याकडे सरकवले.